शिवलेली पट्टी की विणलेला काठ: लिनक्सचा टायटल बार आणि थीम समजून घेऊ

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत माझ्या मामांचं डिझाइनचं छोटं दुकान आहे. चादर आणि टर्किश टॉवेलचे ग्राफ काढून द्यायचं काम, पूर्वी सगळं कागदावर एकेक चौकोन रंगवत चालायचं, आता कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर जुना, चार जीबी रॅमचा, त्यामुळे मी त्यावर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपचं रूप, टाकून दिलंय आणि ते चांगलं पळतंय. एका बाजूला गिंप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये डिझाइन उघडं, दुसऱ्या बाजूला लिबरऑफिस कॅल्कमध्ये ऑर्डरी, अशी मामांची रोजची मांडणी.

मागच्या महिन्यात त्यांनी कॅल्कमधली एक ओळ काढायची म्हणून डिलीट दाबलं, पण तेव्हा चालू खिडकी होती गिंपची. डिझाइनच्या निवडलेल्या भागातली फुलांची अख्खी रांग गेली, आणि हे लक्षात आलं संध्याकाळी, तोवर फाइल सेव्ह करून बंद झालेली. दीड दिवसाचं काम. मामा चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "अरे, दोन्ही खिडक्यांच्या डोक्यावरची पट्टी सारखीच करडी दिसते, कुठली चालू हाय ते मला कळणार कसं?"

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. थीम बदलणं म्हटलं की लोकांना वाटतं नटवायचं काम, रिकामपणीचा उद्योग. पण टायटल बारचं पहिलं काम म्हणजे आत्ता कीबोर्ड कोणाच्या ताब्यात आहे हे सांगणं, आणि साठीच्या माणसाला ते एका नजरेत कळत नसेल तर ती पट्टी तिचं काम करत नाहीये. म्हणून त्या रविवारी मी दुकानात बसलो आणि आम्ही दोघांनी ती पट्टी बदलली. ते करताना जे जे समजावून सांगावं लागलं ते इथे लिहितोय, कारण लिनक्सवर हा विषय उगाच किचकट वाटतो आणि त्याला एकच कारण आहे: सगळ्या खिडक्यांचा टायटल बार एकच जण काढत नाही.

सोलापूरच्या माणसाला हे काठाचं उदाहरण देऊन पटकन कळतं. काही कापडाला काठ वेगळा शिवलेला असतो, वरून पट्टी लावलेली. काही कापडाचा काठ विणतानाच मागावर आलेला असतो. शिवलेली पट्टी उसवून दुसरी लावता येते, विणलेला काठ उसवायला गेलात तर कापडच सुटेल. लिनक्सच्या खिडक्यांचं अगदी हेच आहे, काहींचा टायटल बार बाहेरून शिवलेला, काहींचा ॲपनेच विणून आणलेला, आणि तुम्ही थीम बदलून पण तीनपैकी एक खिडकी हट्टाने तशीच राहिली तर समजायचं की तिचा काठ विणलेला आहे.

हे असं का झालं त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, जिला सगळे एक्स ११ म्हणतात, ती १९८७ ची. तेव्हाच ठरलं होतं की पडद्यावर चित्र उमटवायची सोय एक्स देईल, पण खिडकी कशी दिसावी, पट्टी कुठल्या रंगाची, बटणं किती, यात एक्स पडणार नाही. ते काम विंडो मॅनेजर नावाच्या वेगळ्याच प्रोग्रामचं. ॲप फक्त आतलं कापड देणार, विंडो मॅनेजर त्याला चौकटीत घालून वर पट्टी लावणार. म्हणूनच लिनक्सवर डझनावारी विंडो मॅनेजर झाले आणि लोकांनी हौसेने पट्ट्या रंगवल्या. मग पूर्ण डेस्कटॉप आले: केडीई १९९६ ला जाहीर झालं, एक्सएफसीई पण त्याच वर्षी सुरू झालं, नोम १९९७ ला, आणि प्रत्येकाने आपापला शिंपी ठेवला. केडीईचा क्विन, एक्सएफसीईचा एक्सएफडब्ल्यूएम४, मिंटच्या सिनॅमनचा मफिन, माटेचा मार्को.

मग २०१३ मध्ये जीटीके ३.१० आलं, नोमची ॲप ज्या सामानातून बनतात ते हे जीटीके, आणि त्यात हेडरबार आला. कल्पना अशी की वर रिकामी पट्टी, तिच्याखाली मेन्यू, त्याखाली टूलबार, इतकी जागा का घालवायची, ॲपनेच पट्टी काढावी आणि तिच्यातच शोधायचं बटण, मागे जायचं बटण, सगळं बसवावं. लहान लॅपटॉपवर याचा खरंच फायदा होतो, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवसापासून काठ विणलेला झाला, म्हणजे विंडो मॅनेजरची थीम कितीही बदला, तो शिंपी त्या खिडकीला हातच लावत नाही.

मामांच्या पडद्यावर या दोन्ही जाती एकत्र नांदत होत्या. गिंप आणि लिबरऑफिस यांची पट्टी शिवलेली, विंडो मॅनेजरची. फायरफॉक्स मधल्या जातीचा, तो स्वतःची पट्टी काढतो आणि त्यात टॅब बसवतो, पण तुम्हाला नको असेल तर कस्टमाइझ टूलबारमध्ये गेल्यावर खाली डाव्या कोपऱ्यात टायटल बारची खूण आहे, ती केली की डोक्यावर सिस्टिमची पट्टी येते. क्रोममध्ये पण सेटिंगमधल्या अपिअरन्समध्ये सिस्टिमचा टायटल बार वापरायची सोय आहे. आणि चौथं होतं फ्लॅटपॅकमधून, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या बंद डब्यातून, टाकलेलं स्कॅनिंगचं ॲप, नवीन नोम पद्धतीचं, ते पूर्ण विणलेलं. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

आता शिवलेली पट्टी बदलायची कशी. एक्सएफसीईत दोन वेगळ्या ठिकाणी थीम असते आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. अपिअरन्समध्ये जी स्टाइल निवडता ती खिडकीच्या आतल्या गोष्टींची, बटणं, मेन्यू, यादीचा रंग. डोक्यावरच्या पट्टीची थीम वेगळी, ती विंडो मॅनेजर नावाच्या सेटिंगमध्ये स्टाइल टॅबवर. तिथेच पट्टीचा फॉन्ट, नाव डावीकडे की मध्यभागी, आणि कुठलं बटण कुठे ते माऊसने ओढून ठरवता येतं. मामांना बंद करायचं बटण बाकीच्यांपासून लांब हवं होतं कारण मॅक्सिमाइझ करायला जाऊन खिडकी बंद व्हायची, तर आम्ही बंदचं बटण एकटं डाव्या टोकाला नेलं आणि बाकीची दोन उजवीकडे ठेवली. बटणं डावीकडे म्हटलं की काही लोक नाक मुरडतात, २०१० मध्ये उबुंटू १०.०४ ने सगळी बटणं डावीकडे नेली तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता, आणि २०१७ च्या १७.१० मध्ये ती परत उजवीकडे आली. पण आपल्या मशीनवर आपला हात कुठे जातो ते महत्त्वाचं.

बटणं मोठी हवी असतील तर एक्सएफसीईसोबतच डिफॉल्ट-एचडीपीआय आणि डिफॉल्ट-एक्सएचडीपीआय अशा दोन थीम येतात, मुळात बारीक पिक्सेलच्या पडद्यांसाठी केलेल्या, पण डोळे कमजोर असलेल्यांना साध्या पडद्यावरही उपयोगी पडतात. मामांना मी पहिल्यांदा तीच लावून दिली. आकार आवडला, रंग नाही. म्हणाले, चालू खिडकी गडद निळी पाहिजे, आमच्या चादरीचा असतो तसा निळा, आणि बंद असलेली फिकट राखाडी, मधलं काही नको. तर मग थीम स्वतःच बनवायची ठरली.

आता जवळून बघण्यासारखी गोष्ट. एक्सएफडब्ल्यूएम४ ची थीम म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एक फोल्डर आहे, त्यात छोट्या छोट्या चित्रांच्या फाइली आणि एक थीमआरसी नावाची मजकुराची फाइल. पट्टीचे तुकडे वेगळे, डावा कोपरा, उजवा कोपरा, मधले पाच तुकडे, खालच्या आणि बाजूच्या कडा, आणि प्रत्येकाची चालू खिडकीसाठी एक आणि मागच्या खिडकीसाठी एक अशी दोन रूपं. बटणांना आणखी दोन रूपं, दाबल्यावरचं आणि नुसता माऊस वर नेल्यावरचं. मूळ थीम सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असते, तिला हात लावायचा नाही, तिची कॉपी आपल्या होम फोल्डरमध्ये टिंब थीम्स नावाच्या फोल्डरात ठेवायची, हे नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ते लपलेलं असतं, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं. कॉपीला वेगळं नाव द्यायचं, आम्ही दिलं 'सोलापूर'.

त्यातली बंदच्या बटणाची फाइल मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. ही चित्रं एक्सपीएम नावाच्या प्रकारात असतात आणि एक्सपीएम म्हणजे अक्षरांनी काढलेलं चित्र. पहिल्या ओळीत चार आकडे, रुंदी किती, उंची किती, रंग किती आणि एका ठिपक्याला अक्षरं किती. मग रंगांची यादी, टिंब म्हणजे हा रंग, अधिक चिन्ह म्हणजे तो रंग. आणि त्याखाली ओळीवर ओळी नुसत्या टिंब आणि अधिकच्या, प्रत्येक चिन्ह म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. मामा चष्मा पुसून पुढे वाकले, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग बोटाने पडद्यावर तिरकी रेघ ओढत म्हणाले, "अरे हा तर ग्राफ आहे की. ही बघ फुली, या कोपऱ्यातून या कोपऱ्यात. आडवं इतकं, उभं इतकं, आणि इथे रंगाची खूण."

आयुष्यभर त्यांनी हेच केलंय. जॅकार्डच्या मागासाठी कागदावर चौकोन भरायचे, भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, रिकामा म्हणजे खाली, आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडायची. मी वीस मिनिटं जे समजवायची तयारी करून गेलो होतो ते त्यांना दोन मिनिटांत समजलं, आणि मग कीबोर्ड माझ्या हातातून गेलाच. फुली एका ठिपक्याची बारीक होती, ती त्यांनी एकेक टिंब खोडून अधिक घालत तीन ठिपक्यांची जाड केली. एक पथ्य मात्र पाळावं लागतं, प्रत्येक ओळीतली अक्षरं पहिल्या ओळीत सांगितलेल्या रुंदीएवढीच पाहिजेत, एक कमी पडलं की चित्र बिघडतं. मामांना हे सांगावं लागलं नाही, ते ओळ झाली की मोजतच होते.

रंगाचं थोडं वेगळं आहे. रंगांच्या यादीत ठरलेला रंग तर असतोच, पण त्याच्यापुढे एक नावही असू शकतं, उदाहरणार्थ ॲक्टिव्ह कलर १, आणि तसं नाव असेल तर एक्सएफडब्ल्यूएम४ तो रंग आतल्या जीटीके थीमकडून उचलतो. म्हणून तर अपिअरन्समध्ये स्टाइल बदलली की डिफॉल्ट थीमची पट्टी पण आपोआप रंग बदलते. आम्हाला ते नको होतं, पट्टी कायम निळीच हवी होती, तर थीमआरसी फाइलमध्ये त्याच नावापुढे आपला निळा लिहून टाकला, आणि पट्टीवरच्या अक्षरांचा चालू असतानाचा रंग पांढरा, मागची खिडकी असेल तर करडा.

इथे अर्धा तास माझा वाया गेला, तुमचा जाऊ नये म्हणून सांगतो. फुली बदलली, रंग बदलला, पण पडद्यावर जुनंच दिसत राहिलं. दोन कारणं निघाली. एक म्हणजे फाइल सेव्ह केली म्हणून थीम लगेच बदलत नाही, यादीतली दुसरी थीम निवडून परत आपली निवडावी लागते. दुसरं म्हणजे त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची पीएनजी फाइल पण असू शकते, आणि एक्सएफडब्ल्यूएम४ आधी एक्सपीएम घेतो आणि त्याच्यावर पीएनजी चढवतो. म्हणजे तुम्ही खालचं कितीही बदला, वरून जुनाच थर बसलेला. ज्या तुकड्याची एक्सपीएम बदलली त्याची पीएनजी आपल्या कॉपीतून काढून टाकायची, मग दिसतं.

आता मराठी लोकांसाठी एक खास गोष्ट, जी इंग्रजीतल्या माहितीत सहसा सापडत नाही. एक्सएफडब्ल्यूएम४ मध्ये पट्टीची उंची फॉन्टवर ठरत नाही, ती त्या चित्रांच्या उंचीवर ठरते. इंग्रजी अक्षरं बसतात म्हणून बारीक पट्टीच्या थीम छान दिसतात, पण आपल्याकडे शिरोरेघेच्या वर पण कारभार असतो आणि खाली पण. मामांच्या फाइलचं नाव होतं 'टर्किश टॉवेल निळा काठ', फॉन्ट मोठा केल्यावर पट्टीत 'र्कि' वरचा रफार आणि 'टॉ' वरचा चंद्र दोन्ही छाटले गेले. फॉन्ट लहान करून उपयोग नाही, तो तर डोळ्यांसाठीच मोठा केलेला. उपाय म्हणजे पट्टीचे सगळे तुकडे आणि बटणं उंच करायची, एक्सपीएममध्ये वर आणि खाली दोन-दोन ओळी वाढवायच्या आणि पहिल्या ओळीतला उंचीचा आकडा तेवढा बदलायचा. थीमआरसीमध्ये नाव थोडं वर किंवा खाली सरकवायचा आकडा पण असतो, तो एक-दोनने हलवला की मात्रा सुटतात. फॉन्ट आम्ही 'मुक्त' नावाचा ठेवला, नोटो सान्स देवनागरी पण चांगला आहे. जीटीकेच्या हेडरबारला हा त्रास नसतो, तो फॉन्टप्रमाणे स्वतः फुगतो.

काळ्या थीमबद्दल माझं मत सांगतो. सगळीकडे डार्क थीमचं कौतुक चालू असतं आणि रात्री घरी बसून काम करणाऱ्याला ती बरी वाटते, पण मामांचं दुकान पूर्वेला तोंड करून आहे, सोलापूरचं ऊन, शटर अर्धं उघडं, त्यात चकचकीत पडदा काळा केला की त्याच्यात समोरचा रस्ता आणि आपलंच तोंड दिसतं. आतली थीम उजळ आणि फक्त चालू खिडकीची पट्टी गडद, हे अशा जागेला जास्त चांगलं. शिवाय विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपॉझिटरच्या टॅबवर मागच्या खिडक्या किंचित पारदर्शक करता येतात, ते पण करून दिलं, अगदी थोडं, नाहीतर वाचताना त्रास. त्याच सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. मामा अधूनमधून तक्रार करायचे की खिडकी गेली आणि नुसती पट्टी उरली. तर टायटल बारवर माऊसचं चाक फिरवलं की खिडकी गुंडाळली जाते अशी तिथे सोय आहे आणि ती चालू होती. ती खूण काढली, तक्रार संपली. आणि ज्यांना बारीक कडा पकडून खिडकी लहानमोठी करता येत नाही त्यांनी कडेच्या नादी लागूच नये, एक्सएफसीईत ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही डावं बटण धरून ओढलं की खिडकी सरकते, उजवं बटण धरून ओढलं की आकार बदलतो.

केडीई वापरणाऱ्यांचं काम यापेक्षा सोपं आहे, तिथे विंडो डेकोरेशन्समध्ये बटणांचा आकार, कडेची जाडी, सगळं नुसतं निवडायचं, आणि ऑरोरी प्रकारच्या थीम एसव्हीजी चित्रांच्या असतात, इंकस्केपमध्ये उघडून रंगवता येतात. पण एक काळजी घ्या. ग्लोबल थीम म्हणून जे एका क्लिकवर सगळं बदलणारं मिळतं त्यात नुसती चित्रं नसतात, चालणारा कोड पण असू शकतो. मार्च २०२४ मध्ये एका वापरकर्त्याच्या फाइली अशाच एका ग्लोबल थीमने उडवल्या आणि केडीईने स्वतः लोकांना सावध केलं. नुसती रंगांची किंवा डेकोरेशनची चित्रांची थीम वेगळी आणि ग्लोबल थीम वेगळी, हा फरक लक्षात ठेवा, आणि काहीही टाकायच्या आधी कामाची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.

आता राहिलं ते विणलेल्या काठाचं, म्हणजे मामांचं स्कॅनिंगचं ॲप. ३१ डिसेंबर २०२१ ला लिबअद्वैता १.०, म्हणजे नोमच्या ॲपना ठरलेलं रूप देणारं सामान, आलं आणि नोमची नवीन ॲप त्याच्यावर बनायला लागली. ही ॲप तुमची जीटीके थीम बघतच नाहीत, तुम्ही निळी लावा की लाल, ती आपल्याच वेषात. यामागे भांडण जुनं आहे, २०१९ मध्ये काही ॲप बनवणाऱ्यांनी उघड पत्र लिहून वितरणांना, म्हणजे मिंट-उबुंटूसारखी तयार लिनक्स देणाऱ्यांना, विनंती केली होती की आमच्या ॲपना तुमची थीम लावू नका, कारण कुठे अक्षरं दिसेनाशी होतात, कुठे बटणं मोडतात, आणि तक्रारी मात्र आमच्याकडे येतात. मला त्यांचं म्हणणं पटतं, ज्याने कापड विणलं त्याला शिंपी बदनाम करत असेल तर वाईट वाटणारच. पण मामांचे डोळे पण खरे आहेत. मिंटवाल्यांनी यातून त्यांचा मार्ग काढला, २०२४ च्या मिंट २२ मध्ये त्यांनी कॅल्क्युलेटर, सिंपल स्कॅन अशा कितीतरी ॲपच्या जुन्या जीटीके ३ वाल्या आवृत्त्या परत घेतल्या, ज्या थीम मानतात. तर आम्ही सरळ फ्लॅटपॅकमधलं काढून मिंटचं स्वतःचं सिंपल स्कॅन वापरायला घेतलं. त्याची पट्टी हेडरबारच आहे, एक्सएफडब्ल्यूएम४ ची नाही, पण निदान अपिअरन्समधली स्टाइल ती ऐकते.

तुम्हाला ते नवीनच ॲप हवं असेल तर एक आडवाट आहे. होम फोल्डरमध्ये टिंब कॉन्फिग, त्यात जीटीके-४.० नावाचा फोल्डर, त्यात जीटीके टिंब सीएसएस नावाची फाइल. वेबसाइटचं सीएसएस ज्यांनी लिहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल, हेडरबार असं लिहून महिरपी कंसात पार्श्वभूमीचा रंग आणि कमीत कमी उंची द्यायची. लिबअद्वैताची ॲप पण ही फाइल वाचतात. फ्लॅटपॅकमधलं ॲप मात्र बंद खोलीत राहतं, त्याला तुमचा फोल्डर दिसत नाही, त्या फोल्डरची परवानगी वेगळी द्यावी लागते. आणि पुढच्या अपडेटमध्ये आतली नावं बदलली तर आपलं सीएसएस गळून पडतं, हे धरूनच चालायचं.

वेलँडचं पण दोन शब्दांत सांगतो कारण आता बहुतेक नवीन लिनक्सवर तेच येतं. एक्सच्या जागी यायला २००८ मध्ये सुरू झालेलं हे काम, आणि त्यात मुळात धरलेलंच आहे की ॲपने स्वतःची पट्टी स्वतः काढावी. नंतर एक पद्धत ठरली की ॲप विचारू शकतं, बाबा, तू काढतोस का पट्टी. केडीईचा क्विन हो म्हणतो, नोमचा विंडो मॅनेजर मटर ती पद्धत मानतच नाही. त्यामुळे एकच ॲप केडीईत एका पट्टीत दिसतं आणि नोममध्ये दुसऱ्या, किंवा लिबडेकॉर नावाच्या मदतनिसाने लावलेल्या साध्याच पट्टीत. यात तुमच्या मशीनची चूक काही नसते. नोमवर असाल तर नोम ट्वीक्समधून मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझची बटणं परत आणता येतात आणि डावी-उजवी बाजू ठरवता येते, नोम ४७ पासून बटणांचा ठळक रंग निवडता येतो, आणि डोळ्यांचा प्रश्न असेल तर थीम शोधत बसण्याआधी ॲक्सेसिबिलिटीत जाऊन हाय कॉन्ट्रास्ट आणि मोठी अक्षरं चालू करून बघा, नोमच्या ॲपना ते दोन्ही लागू होतं.

परवा मी शेंगाचटणी द्यायला दुकानात गेलो होतो तर मामांनी मॅक्सिमाइझच्या बटणातला कोरा चौकोन बदललेला. त्यात आडव्या उभ्या ठिपक्यांचं बारीक फूल बसवलंय, चादरीच्या कोपऱ्यात असतं तसलं. एडिटरमध्ये फाइल अजून उघडीच होती, शेजारी कागदावर पेन्सिलने काढलेला तोच ग्राफ, आणि आता ते मिनिमाइझच्या ओळी मोजत बसले होते.